गळाकडून काठीकडे

मराठी शिकविणाऱ्या माणसाला 'गळ' या शब्दाचे फार कौतुक असते. पुल्लिंगी गळ पाण्यात टाकावा लागतो, स्त्रीलिंगी गळ माणसाला घालावी लागते. लिंग बदलले की अर्थ बदलतो, पण समोरच्याला आपल्याकडे ओढून आणण्याचा उद्योग दोहोंतही तोच. हा भेद मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखवीत आलो आहे. गेल्या वर्षी मात्र माझ्या आठवीतल्या मुलीने मला गळ घातली ती गळासाठीच. मग व्याकरण बाजूला ठेवून मला प्रत्यक्ष वस्तूकडे वळावे लागले.

या गोष्टीचे मूळ सातासमुद्रांपलीकडे आहे. माझा भाचा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. तेथे मस्केलंज नावाचा एक मासा असतो. तिकडची मंडळी त्याला लाडाने 'मस्की' म्हणतात, आणि १९५५ मध्ये त्या राज्याने त्याला आपला राज्यमासाही करून टाकले आहे. लांबट अंगाचा, तोंडभर सुऱ्यांसारखे दात असलेला हा मासा पाणवनस्पतींत दबा धरून बसतो. त्याचे दुसरे नाव 'दहा हजार फेकींचा मासा'. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकावा, तेव्हा हा एकदा लागावा! भाच्याने असा एक मासा दोन्ही हातांवर आडवा धरलेले आपले छायाचित्र पाठविले आणि पाठोपाठ त्याला पाण्यात सोडून देत असतानाचे दुसरे. मुलीच्या मनात घर केले ते दुसऱ्याने. "बाबा, धरून सोडता येतो!" एवढेच ती म्हणाली आणि भाच्याकडे साहित्याची यादी मागून मोकळी झाली.

यादी आली. साडेआठ फुटांची काठी, ८० पौंड ताण झेलणारी विणीची दोरी, तिच्या पुढे १०० पौंडांचा जाड तुकडा, मोठे चाक, आणि जिवंत भासणारे खोटे मासे. सगळ्यांची किंमत रुपयांत मांडून पाहिली, तेव्हा आमच्या घराचे पाच महिन्यांचे भाडे समोर उभे राहिले. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या माणसाचे मानधन तासांवर मोजतात आणि ऋतूंच्या हिशेबाने देतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. मुलीला मी एवढेच सांगितले की मस्की आपल्याकडे नाही. तेव्हा त्याची काठीही आपल्याला नको. आपला मासा कोणता, ते आधी शोधू.

आपला मासा मरळ. नांदेडच्या गोदावरीत, विष्णुपुरीच्या जलाशयात, खेड्यापाड्यांतल्या तळ्यांत तो आहे. सापासारखे डोके, अंगावर गडद पट्टे, आणि स्वभाव मस्कीचाच. जलपर्णीच्या कडेला निश्चल राहायचे, आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की पाणी फोडून त्याच्यावर तुटून पडायचे. मरळीची एक जात तर मीटरभराहूनही लांब होते. मस्कीजवळ नसलेली एक विद्या मात्र हिच्याजवळ आहे. कल्ल्यांखेरीज हवा घेण्याची वेगळी सोय निसर्गाने तिच्या डोक्यात करून ठेवली आहे. त्यामुळे ती मधूनमधून वर येऊन श्वास घेते, आणि पाणी कमी झाले तरी ओल्या चिखलात तग धरून राहते. शेजारच्या तेलंगणाने मरळीला आपला राज्यमासा केले आहे. दर वर्षी मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला दमेकऱ्यांना जिवंत मासोळी औषधासह गिळायला देतात, ती पुष्कळदा याच मरळीचे पिल्लू असते. त्या औषधाने दमा जातो याला शास्त्राचा आधार नाही, पण आमच्या बाजूची माणसे रात्रीच्या गाडीने जाऊन रांगा लावतात, हे खरे.

मासा ठरला. आता घर उरले होते. आमच्या घरात मासा शिजत नाही, आणि माझी सासुरवाडी लातूरची. सासरे माळकरी. पंढरीची वारी त्यांनी पायांनी होत होती तोवर चुकविली नाही. नातीला गळ हवा आहे ही वार्ता त्यांच्या कानावर कोणी आणि कोणत्या शब्दांत घातली असेल, या विवंचनेतच मी संक्रांतीला लातूरच्या गाडीत बसलो.

आबांनी तिळगूळ दिला आणि काहीच विचारले नाही. रात्री जेवणे झाल्यावर मात्र नातीला जवळ बसवून ते १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगू लागले. त्यांचे गाव मांजरेच्या काठचे. त्या वर्षी नदी तर आटलीच, पण कधी न आटणारा डोहही आटला. वरचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या. गावचे भोई कुदळीने तो थर फोडीत होते, आणि खालच्या ओल्या चिखलातून जिवंत मरळी निघत होत्या.

"माझ्या गळ्यात तेव्हा माळ नव्हती," आबा म्हणाले. "घरात दाणा नव्हता. पण मला काही ते खाववलं नाही. पाण्यावाचून इतके दिवस जे टिकलं, त्याला कोणत्या तोंडानं खायचं? ज्यांनी खाल्लं त्यांना मी नावं ठेवली नाहीत. पोट होतं त्यांना."

लातूरकरांना पाण्याची गोष्ट सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. आबा त्या उन्हाळ्यात अंघोळीचे पाणी तुळशीला आणि तुळशीचे निथळलेले पायरी धुण्याला वापरीत. इतक्या काटकसरीत वावरलेला माणूस माशाच्या गोष्टीवरून पाण्याच्या गोष्टीवर जाणार हे ओघानेच आले. मी मनात म्हणालो, आता उपदेश येणार. परंतु उपदेश आला नाही, प्रश्न आला.

"तुझा तो दोरा तुटला, तर गळ कुठं राहतो गं माय?"

"माशाच्या तोंडात," मुलगी म्हणाली.

"आणि मग?"

ती गप्प राहिली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग तुटणार नाही असा घे." आणि ते झोपायला गेले.

मासे धरण्यावर मी बरेच काही वाचले आहे. स्वस्त साहित्य कसे निवडावे याचे इतके नेमके मार्गदर्शन मला दुसरीकडे मिळाले नाही. नवशिक्याचे पैसे कोठे जातात? काठीवर. काठी दिसते. ती खांद्यावर टाकून गल्लीतून जाता येते. दोरा दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत हलका घेतला जातो, आणि पुढचा जाड तुकडा तर पुष्कळांच्या गावीही नसतो. आबांच्या प्रश्नाने हा क्रम उलटा केला. खर्च माशाच्या तोंडाकडून सुरू करायचा आणि माणसाच्या हाताकडे यायचे. आधी गळ, मग पुढचा तुकडा, मग दोरा. काठी सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत. भाच्याला हे कळविले तेव्हा त्याचे उत्तर आले, "मामा, येथेही जाणती माणसे हेच सांगतात. मस्कीच्या दातांनी दोरी कापली गेली, तर तोंडात अडकलेल्या गळांनिशी तो हिंडत राहतो आणि उपाशी मरतो. पुढची तार आपल्या फायद्यापेक्षा त्याच्यासाठी असते."

नांदेडला परतल्यावर याचा पुरावा आयताच मिळाला. विष्णुपुरीकडे मासेमारी करणारे एक वयस्क भोई माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या पाटीत त्या दिवशी एक मरळ होती. डोके थोराड आणि अंग वाळलेल्या शेंगेसारखे. मामांनी बोटाने तिचा जबडा उघडून दाखविला. आत गंजलेला गळ रुतलेला होता आणि त्याला वीतभर बारीक दोरा लोंबत होता.

"हौशी लोकांचं काम हाय हे, सर," मामा म्हणाले. "जाळ्यात आलेला मासा मरतोय तरी लवकर. हे बगा, खाता येईना अन् मरता येईना."

मुलीने तो गळ मागून घेतला. अजून तो तिच्या कंपासपेटीत आहे.

गळाचे टोक जवळून पाहिले आहे काय? टोकाच्या किंचित खाली एक उलटा काटा असतो. गळ आत शिरतो सहज, पण हा काटा त्याला बाहेर येऊ देत नाही. तो पकडीने दाबून सपाट केला की गळ जसा शिरला तसाच निघतो. धरून सोडायचे असेल तर याहून स्वस्त आणि याहून मोठी सुधारणा नाही. खर्च काहीच नाही, पकड घरोघरी असते. मात्र मग दोरा सतत ताणलेला ठेवावा लागतो, कारण ढिला पडला की मासा मोकळा. नवशिक्याचे मासे जास्त सुटतील, हे उघड आहे. दोरा तुटला तरी असा गळ पुष्कळदा आपोआप गळून पडतो, हे मात्र मामांना सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. गळ एकच, जाड पोलादाचा आणि साधा घ्यावा. तीन तोंडांचे गळ मुलांच्या हातात देऊ नयेत. मासा सोडविताना ते माशाला लागतात, आणि उरलेसुरले आपल्या बोटांत घुसतात.

आता तो पुढचा तुकडा. दुकानात त्याला लीडर म्हणतात. लीडर म्हणजे पुढारी. जो पुढे असतो आणि दातांचे घाव प्रथम आपल्या अंगावर घेतो, तो पुढारी, हा अर्थ आता बहुधा माशांच्या दुकानातच उरला आहे. असो. मस्कीसाठी पोलादी तार किंवा फार जाड तुकडा लागतो. मरळीचे दात तीक्ष्ण असतात खरे, पण ते मस्कीसारखे कापीत नाहीत. ते घासून घासून दोरा झिजवितात. म्हणून ०.७० मिलिमीटर जाडीच्या नायलॉनचा हातभर तुकडा मरळीला पुरतो. गोदावरीत वॅलॅगो नावाचा, लांब मिशांचा, भल्या मोठ्या तोंडाचा मासाही आहे. इंग्रजीत त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणतात. त्याच्या दातांच्या पट्ट्यांपुढे नायलॉनचा भरवसा नाही, तेथे बारीक पोलादी तारच हवी. परंतु नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दर खेपेला माशाशी गाठ पडल्यावर या तुकड्यावरून ओली बोटे फिरवावीत. खरखर लागली की तेवढा भाग कापून टाकून पुन्हा गाठ मारावी. तुकडा लांब घ्यायचा तो यासाठीच.

मुख्य दोरा म्हणजे तंगूस. नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन जन्माला आले. तोवर गळाला रेशीम, ताग, घोड्याचे केस असे काय काय चालत होते. तंगुसाचा एक मोठा गुण असा की तो ताणला जातो. मासा उसळी मारतो तेव्हा पहिला धक्का तो स्वतः पिऊन टाकतो, आणि नवशिक्याच्या हाताच्या चुका पोटात घालतो. भाच्याच्या यादीतली विणीची दोरी याच्या उलट. बारीक असून भक्कम, पण ताणत मुळीच नाही. बोटाला गुंडाळली गेली तर बोट कापते, आणि किंमत तिप्पट. दाट जलपर्णीतून मासा पानामुळांसकट ओढून काढायचा असेल तेथे तीच लागते. मोकळ्या कडेला तंगूस पुरे.

एका दुकानात मला स्वस्तातला एक दोरा दाखविण्यात आला. वर लिहिलेले, "३० किलो". हातात घेतला तर शिवणाच्या दोऱ्याहून जेमतेम जाड. तेव्हापासून मी किलोचा आकडा वाचीत नाही, मिलिमीटरचा वाचतो. जाडी लपविणे कठीण असते. चांगल्या तंगुसाची जाडी ०.३५ मिलिमीटर असेल, तर तो सात-आठ किलोंचा ताण सहज झेलतो. चाक नसलेल्या काठीला ०.४० घ्यावा, कारण तेथे मासा ओढू लागला की सोडायला जास्तीचा दोरा नसतो.

पण दोरा कितीचाही असो, तो तुटतो गाठीपाशी. टोक गळाच्या नेढ्यातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, मग ते टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत घेऊन ओढायचे, ही साधी गाठ. ओढण्यापूर्वी ती थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली की घर्षणाने दोरा तापतो आणि तेथेच कमजोर होतो. मुलीचा यावर विश्वास बसेना. तिने दाराच्या कडीला दोरा बांधला, खाली पिशवी लटकविली आणि तीत मापाने ज्वारी ओतू लागली. कोरडी गाठ चार किलोंना सुटली, ओलीने सात किलो धरले. त्यानंतर घरभर ज्वारी वेचण्यात एक संध्याकाळ गेली, आणि तिच्या आईने प्रयोगशाळा बंद केल्याचे जाहीर केले. परंतु त्या एका संध्याकाळी आबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर निघाले होते.

तंगूस कुजत नाही, ही त्याची दुसरी बाजू. संक्रांतीच्या नायलॉनच्या मांज्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जाऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याच्यावर देशभर बंदी घातली. नदीकाठी टाकलेला तंगूस त्याचाच भाऊ. बगळ्याच्या पायात तो अडकला की सुटत नाही. म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा डबीत घालून घरी आणायचा. उन्हानेही तो कमजोर होतो, तेव्हा रीळ अंधारात ठेवायचे आणि वर्षाने बदलायचे. हा खर्च मी वह्या-पुस्तकांच्या खर्चात धरतो.

काठीपर्यंत आलो तेव्हा पैसे संपत आले होते, आणि नेमके तेथेच आपला मुलूख मदतीला आला. मानवेल जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो. लाठ्या त्याच्याच करतात. किनवट-माहूरकडच्या रानात बांबू होतो आणि नांदेडच्या बुरुडांकडे मिळतो. शेंड्याकडे निमुळती होत गेलेली, दहा फुटांची, सरळ काठी निवडावी. टोक धरून वाकविली तर कमानीसारखी वाकावी आणि सोडल्यावर पुन्हा सरळ व्हावी. एकाच ठिकाणी कोपरासारखी मुडपली तर ठेवून द्यावी. सावलीत वाळवून तिला जवसाचे तेल चोळले की ती पाणी पीत नाही. दोरा नुसता शेंड्याला बांधू नये. मुठीपाशी बांधून, काठीला जागोजागी वेढे देत शेंड्यापर्यंत आणावा. शेंडा मोडला तरी मासा काठीला बांधलेलाच राहतो, गळासह पळून जात नाही. हे मामांनी शिकविले. वरून विजेच्या तारा जात असतील तेथे मात्र कोणतीच लांब काठी उभी करू नये, ओला बांबूही नाही आणि हल्लीच्या कार्बनच्या काठ्या तर मुळीच नाहीत.

या काठीपाशी मला माझा विषय पुन्हा भेटला. 'मानसोल्लास' हे नाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरते पाठ केलेले असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे ११२९ चा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या ओळींपैकी काही त्यात आल्या आहेत. त्या ओळी दशावतारांच्या, आणि त्यांतला पहिला अवतार अर्थात मत्स्य. इतके मी शिकवीत होतो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, दोर, काठी आणि गळ यांचा विचार केलेला आहे, याकडे मात्र मी कधी वळलो नव्हतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर विस्ताराने लिहिले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या हद्दीपासून फार दूर नाही. नऊशे वर्षांपूर्वी याच मुलखात एक राजा दोराकाठीचा विचार करीत होता, हे मुलीला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "त्यांचा दोरा तुटत होता का, बाबा?" राजांच्या ग्रंथांत असल्या गोष्टींना जागा नसते.

हिशेब असा झाला. बांबू १०० रुपये, तंगूस २२०, पुढच्या तुकड्याचे जाड नायलॉन १६०, गळ आणि दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या पितळी कड्या मिळून १३०, आणि दोन रबरी बेडूक ३६०. एकूण ९७०. बेडूक रबरी यासाठी की जिवंत बेडूक गळाला टोचणे आमच्यापैकी कोणालाच जमले नसते. या रबरी बेडकाचा गळ पाठीला चिकटून असतो, म्हणून तो पानांत अडकत नाही. लांब बांबूने त्याला जलपर्णीमधल्या मोकळ्या जागेत अलगद टेकवायचे आणि नाचवायचे. मरळीने झडप घातली की लगेच हिसका द्यायचा नाही. मनात दोन अंक मोजायचे, मग काठी उचलायची.

पुढे मानधन आल्यावर सात फुटांची, दोन भागांची फायबरग्लासची काठी आणि चाक घ्यावे असा विचार आहे. दोन्ही मिळून १,७५० रुपयांना पाहून ठेवली आहेत. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी काठी स्वस्त मिळते, पण सांध्यांत वाळू गेली की ती ना उघडते ना मिटते. चाकात पाहायचे ते एकच. मासा जोराने ओढू लागला की दोरा अडखळत न सुटता सलग सुटला पाहिजे. तो किती ताणाला सुटावा हे एका चकतीने ठरविता येते. दोऱ्याच्या बळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे आठ किलोंच्या दोऱ्याला दोन-अडीच किलो, आणि हे रद्दीवाल्याच्या ताणकाट्याने मोजून घ्यावे.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. जलाशयाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि कित्येकांची चूल त्यावर पेटते. तेव्हा त्यांना विचारल्यावाचून तेथे गळ टाकू नये. स्नानाचे घाट तर सोडूनच द्यावेत. धरणाच्या खालच्या अंगाला बसू नये, कारण दरवाजे उघडले की पाणी पाहता पाहता चढते. पावसाळ्यात मरळीची वीण असते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर त्याच्याखाली आईबाप राखणीला असतात. पिल्लांवर जे काही येईल त्याच्यावर ते धावून जातात, त्यामुळे त्या वेळी त्यांना गळाला लावणे अतिशय सोपे असते. म्हणूनच ते करायचे नाही, हे मुलीने भाच्याला विचारून नव्हे, आपल्या आपण ठरविले.

मामांनी संस्थेत शब्द टाकला आणि माघापासून आम्ही रविवारी सकाळी जाऊ लागलो. पहिल्या पाच रविवारी काही लागले नाही. दहा हजारांतल्या दोन-तीनशे फेकी झाल्या असतील. मी विद्यार्थ्यांचे पेपर घेऊन जात असे आणि बाभळीखाली बसून तपाशीत असे. सहाव्या रविवारी पाणी फुटल्याचा आवाज आला. मुलगी काहीच बोलली नाही. तिचे ओठ मात्र हलले. ती दोन अंक मोजीत होती. बांबू पार मुठीपर्यंत वाकला. मामा ओरडले, "टोक वर धर, लेकरा, टोक वर!" मरळ पानांकडे वळली, मग खोल गेली, मग पुन्हा वर आली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण माझ्या लाल पेनाचे टोपण मला पुन्हा सापडले नाही.

दीड हाताची होती. मामांनी ओल्या पोत्यावर घेतली, मुलीने ओल्या हातांनी जबडा धरला, आणि काटा दाबलेला गळ एका झटक्यात निघाला. पुढच्या तुकड्यावर दातांची खरखर उठली होती, पण तो तुटला नव्हता. तिने मरळ पाण्यात धरली. शेपटीचा एक तडाखा तिच्या मनगटाला बसला आणि हात रिकामा झाला.

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, सोडायचाच होता तर धरला कशापायी? मी धरतोय ते पोटासाठी. ह्यात त्याच्या जिवाला घोर अन् तुमच्या पोटाला काय बी न्हाई."

मी उत्तर दिले नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते, आणि मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होते तेही मला खोटे वाटत नाही. या दोहोंची तडजोड मला अजून लावता आलेली नाही. मुलीने मात्र मामांना सरळ विचारले, "पुढच्या खेपेला तुम्हाला देऊ का?" मामा हसले. "माझी मी धरतो की माय," ते म्हणाले, आणि होडी ढकलू लागले.

संध्याकाळी तिने लातूरला दूरध्वनी केला. मासा केवढा होता, कोठे लागला, यांतले आबांनी काहीही विचारले नाही. गळ परत आला का, एवढे विचारले. आला म्हटल्यावर ते बराच वेळ विष्णुपुरीला पाणी किती आहे याची चौकशी करीत राहिले. मांजरेचे पाणी बीदरकडून, तेलंगणातून फिरून शेवटी आपल्याच गोदावरीला मिळते, हेही त्यांनी तिला समजावून सांगितले. त्यांच्या गावचा डोह यंदा भरला आहे. दिवाळीत तेथे येऊन पाहा, असे त्यांनी सांगितले आहे. काठी आणायची की नाही, याविषयी मात्र ते काही बोलले नाहीत, आणि मुलीने अजून विचारलेले नाही. नवा तंगूस मात्र तिने आणून ठेवला आहे, ०.४० चा.